कानातला बिल्ला : एका आदेशाचे ओळीओळीने भाष्य

महाराष्ट्र शासनाचा पशुधनाच्या कानातल्या बिल्ल्याबाबतचा आदेश 1 जून 2024 पासून लागू झाला. ही तारीख नीट पाहावी. रोहिणी चालू, मृग तोंडावर. पेरणीआधी एखादा बैल बदलायचा, कडबा सरत आला म्हणून भाकड म्हैस काढायची, बियाण्याला पैसे हवेत म्हणून दोन बोकड विकायचे, हे सगळे याच दिवसांत चालते. झाडाखाली बांधलेल्या जनावरावर वीज पडण्याचेही हेच दिवस. आदेशातली एकूण एक ओळ या पंधरवड्यात शेतकऱ्याच्या दावणीपर्यंत येऊन पोचते, म्हणून ती सुटी करून वाचायला हवी.

माझ्या डोळ्यांपुढे गाव आहे बोरी. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, करपरा नदीच्या भागातले. परभणी-जिंतूर रस्त्यावरचे मोठे गाव, स्वतःची बाजार समिती असलेले. आजूबाजूच्या शिवारात सोयाबीन, कापूस आणि तूर. गोठा मोठा नसतो. दोन बैल किंवा एकच बैल आणि सावड, एक म्हैस, एखादी लाल कंधारी किंवा गावरान गाय, चार-पाच शेळ्या. पुढचे भाष्य अशा गोठ्याच्या बाजूने लिहिले आहे. आदेशातल्या कलमांचा आशय मी माझ्या शब्दांत आणि माझ्या क्रमाने देतो.

माझे मत आधीच सांगतो. जनावराला ओळख असावी, त्याची नोंद असावी, या बाजूचा मी आहे. आक्षेप इतकाच आहे की या आदेशात पशुपालकाची जबाबदारी प्रत्येक ओळीत लिहिली आहे, आणि शासनाने बिल्ला व नोंदीची सेवा किती दिवसांत द्यायची हे कुठेच लिहिलेले नाही.

पहिली ओळ : प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असावा आणि ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्याची नोंद असावी.

या ओळीचे मूळ सप्टेंबर 2019 मध्ये आहे. मथुरेत तेव्हा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाची सुरुवात झाली. पाच वर्षांसाठी 13,343 कोटी रुपयांची तरतूद, आणि दोन रोग लक्ष्य : लाळ-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात. लाळ-खुरकुताने जनावर सहसा मरत नाही, पण म्हैस आटते आणि बैल ऐन पेरणीत पाय टाकेनासा होतो. लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. कोणत्या जनावराला कधी दिली हे कळायचे तर जनावर ओळखता आले पाहिजे. बिल्ल्यामागचे कारण इतके साधे आणि इतके रास्त आहे.

कल्पनाही नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्षाचे प्रकरण आहे. वासरू महिना-दोन महिन्यांचे झाले की त्याला डाग द्यावा आणि त्याची खूण, रंग व शिंगांमधले अंतर नोंदवून ठेवावे, असे तिथे सांगितले आहे. पण ते राजाचे गोधन होते आणि नोंद ठेवणारा राजाचा पगारी माणूस होता. आजच्या आदेशात जनावर शेतकऱ्याचे आहे, नोंद शासनाला हवी आहे, आणि ती करून घेण्यासाठी फिरायचे शेतकऱ्याने आहे. पुढच्या सगळ्या ओळींत हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

बिल्ला कसा मारतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. पिवळ्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे असतात, एकाला टोकदार खुंटी, दुसऱ्याला भोक. दोन्ही चिमट्यात बसवतात. जनावराची मान खुंट्याशी आखडून एकाने नाकाला धरायचे, दुसऱ्याने कानाच्या मधोमध, दोन शिरांच्या मधली जागा बघून चिमटा दाबायचा. शीर चुकवली तर रक्ताचे दोन थेंब येतात, नाही चुकवली तर कान भळभळतो. जखमेला औषध लावले नाही तर पावसाळ्यात माशा बसतात आणि आसडी पडते. बिल्ला कानाच्या कडेला मारला गेला तर बाभळीच्या काट्यात किंवा कुंपणाच्या तारेत अडकून कान चिरून निघून जातो. म्हणजे नोंद टिकेल की नाही हे बऱ्याच अंशी त्या एका चिमट्याच्या जागेवर ठरते. बिल्ला मारणाऱ्याला त्या दिवशी किती जनावरांचे उद्दिष्ट दिले होते, यावरही ठरते.

नंतर मोबाइलमधली नोंद. मालकाचे नाव, मोबाइल क्रमांक, गाव, जनावराची जात, वय, वेत. बोरीकडे जनावराचे वय दातांवरून सांगतात : आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. प्रणालीला वर्षे आणि महिने लागतात, तेव्हा अंदाजाने आकडा पडतो. लाल कंधारीची छटा असलेली, पण खात्रीची नसलेली गाय गावठी म्हणून लिहिली जाते. मोबाइल क्रमांक बहुधा घरातल्या शिकलेल्या पोराचा असतो, आणि ते पोर पुण्याला कंपनीत असते. रिचार्ज संपला, क्रमांक बदलला, की गाय बोरीत आणि तिच्या मालकाचा क्रमांक कुणा तिसऱ्याकडे. अशा चुका दुरुस्त करणे हे मूळ नोंदीपेक्षा जास्त वेळ खाणारे काम आहे.

बिल्ला फुकट आहे, हे खरे. पण बिल्ला मारायला पशुधन पर्यवेक्षक येणार म्हणून जनावरे दावणीला अडकवून ठेवली की औताचा अर्धा दिवस जातो. ते आलेच नाहीत तर दवाखान्यात जाऊन विचारायला दुसरा दिवस. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2024-25 साली दिवसाला 297 रुपये होती. हा सगळ्यात कमी धरलेला भाव आहे, सुगीत याहून जास्त पडतो. चार हेलपाटे झाले की फुकटच्या बिल्ल्याला बाराशे रुपये लागलेले असतात आणि त्याची पावती कुणी देत नाही.

दुसरी ओळ : बिल्ला नसलेल्या जनावराला पशुवैद्यकीय संस्थांतून सेवा मिळणार नाही.

या ओळीपाशी थांबावे लागेल. आदेशातली सगळ्यात गंभीर ओळ हीच आहे, आणि माझ्या मते ती चुकीची आहे.

देशात प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 लागू आहे. त्याची रचना बघा. आपल्या जनावराला अनुसूचित रोग झाल्याचा संशय आला तर मालकाने तो गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावा. आजारी जनावर बाकीच्यांपासून वेगळे बांधावे. शासनाने क्षेत्र नियंत्रित म्हणून जाहीर करावे, लस टोचावी, आणि लस टोचलेल्या जनावरावर डाग, गोंदण किंवा कानातल्या बिल्ल्याने खूण करावी. अधिनियमातला क्रम असा : आधी रोगाची खबर, मग लस, मग खूण. खूण हा उपचाराचा पुरावा आहे.

2024च्या आदेशाने हा क्रम उलटा केला. आता आधी खूण, मग उपचार. ज्या जनावराच्या कानात काही नाही, त्याच्यापर्यंत बहुधा लसही पोचलेली नसते. रोग पहिल्यांदा तिथेच दिसण्याची शक्यता जास्त. त्याच जनावराच्या मालकाला आपण सांगतो आहोत की याला घेऊन दवाखान्यात येऊ नकोस. तो येत नाही. गावातल्या खासगी माणसाला बोलावतो, दोन इंजेक्शने देतो, पैसे मोजतो, आणि रोगाची खबर सरकारी वहीत पडायची राहून जाते. लाळ-खुरकूत कानात बिल्ला आहे का ते पाहून पसरत नाही. एका गोठ्यातले बिल्ला नसलेले जनावर उपचाराविना राहिले तर शेजारच्या दहा बिल्लेवाल्या जनावरांना त्याची झळ बसते.

लम्पीची साथ आठवावी. 2022च्या पावसाळ्यात गाई-बैलांच्या अंगावर गाठी आल्या, पाय सुजले, कातडी गळून पडली. सप्टेंबरमध्ये राज्यभर नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, गुरांचे बाजार बंद झाले, यात्रांतली जनावरांची प्रदर्शने थांबली. शेळ्यांच्या देवीची लस गोवर्गाला फुकट टोचली गेली. दगावलेल्या दुभत्या गाईला 30,000, ओढकाम करणाऱ्या बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपयांची मदत ठरली. त्या वेळी लस घेऊन माणूस गोठ्यापर्यंत आला, आणि बिल्ल्यांच्या नोंदींनाही वेग आला. लोकांनी कान पुढे केला, कारण सोबत काहीतरी मिळत होते. सेवा दारात आली की नोंद आपोआप होते, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे. दीड-दोन वर्षांत तो अनुभव बाजूला ठेवून सेवा अडवून नोंद मिळवण्याचा मार्ग का धरावा?

आणि सेवा द्यायला माणसे कुठे आहेत? महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 2025 साली पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या 2,795 पदांची जाहिरात काढली. इतकी पदे एकदम भरायची वेळ आली, यावरून आदेश लागू झाला तेव्हा दवाखान्यांची स्थिती काय असेल ते कळते. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दरवर्षी तिथून डॉक्टर बाहेर पडतात, आणि तिथून जवळच्या खेड्यात एका डॉक्टराकडे दोन-दोन दवाखान्यांचा भार असतो. उपचार, कृत्रिम रेतन, लसीकरण, शवविच्छेदन, शासनाच्या योजना आणि त्यावर मोबाइलमधल्या नोंदी. मी दोष त्या डॉक्टरांना देत नाही. ही ओळ लिहिताना त्यांचाही विचार झालेला नाही. दारात आलेल्या कण्हणाऱ्या म्हशीला परत पाठवायचे काम कोणत्या पशुवैद्याला आवडेल?

तिसरी ओळ : बाजार समितीत, आठवडी बाजारात किंवा गावातल्या गावात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री होऊ नये.

गुरांच्या बाजारात कागद नव्हता असे नाही. गावचा दाखला, बाजाराची पावती, इसार दिल्याची चिठ्ठी, हे चालत आलेले आहे. जनावर चोरीचे नाही, याची खात्री त्यातून मिळे. मराठवाड्यात हाळी-हंडरगुळीचा बाजार आहे, माळेगावची खंडोबाची यात्रा आहे. तिथे आजही बैलाचे दात बघून, चालवून, खांद्यावर हात फिरवून व्यवहार होतो, आणि भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. रुमालाखालच्या त्या व्यवहारात बिल्ल्याने खरी मदत करायला हवी. घेणाऱ्याला बारा अंकांवरून कळावे की या म्हशीला लस कधी दिली, वेत कितवे, आधी मालक कोण होता. असे झाले तर चांगल्या जनावराला चार पैसे जास्त मिळतील आणि शेतकरी स्वतःहून बिल्ला मागेल. पण ओळीत बंदी आहे, उपयोग सांगितलेला नाही.

इथे 2017चे एक प्रकरण नोंदवणे भाग आहे. 23 मे 2017 रोजी केंद्राने पशुबाजारांच्या नियमनाचे नियम काढले. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ओळखपत्र द्यावे, जनावर कत्तलीसाठी नाही असे लिहून द्यावे, घेतलेले जनावर सहा महिने विकू नये. विक्रीच्या पुराव्याच्या पाच प्रती : एक घेणाऱ्याला, एक विकणाऱ्याला, एक तहसील कार्यालयाला, एक पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला, एक बाजार समितीला. एका बैलासाठी पाच प्रती. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्थगिती दिली आणि जुलै 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली. पुढे केंद्राने त्या नियमांचा फेरविचार केला. कागद फार झाला की बाजार कागदाबाहेर जातो. व्यवहार शेताच्या बांधावर होतात, व्यापाऱ्याला पाडून मागता येते, आणि शेतकऱ्याकडे भावाची तुलना करायला दुसरा गिऱ्हाईक उरत नाही.

चौथी ओळ : विक्री झाली की मालकी हस्तांतराची नोंद करावी.

ही ओळ योग्य आहे आणि तिच्यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बोरीच्या माणसाने बैल विकला. घेणारा गंगाखेडकडचा. पैसे मिळाले, कासरा हातात दिला, दोघे आपापल्या वाटेने गेले. नोंद करायची ती पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन. विकणाऱ्याचा त्यात आता स्वार्थ नाही, घेणाऱ्याला घाई आहे. नोंद राहते. बैल गंगाखेडला नांगर ओढतो आणि प्रणालीत बोरीच्या गोठ्यात उभा असतो. पुढे तिकडे वीज पडली तर भरपाईच्या वेळी नाव जुळत नाही. तो बैल पुढे कुठल्या भानगडीत सापडला, तर चौकशी बोरीत येते. दोन प्रामाणिक माणसांत झालेला व्यवहार दोघांनाही अडचणीत आणतो.

जिथे विक्री होते तिथेच ही नोंद व्हायला हवी. बाजार समिती प्रत्येक जनावरामागे शुल्क घेते, पावती फाडते. त्याच टेबलावर बाजाराच्या दिवशी पशुसंवर्धन विभागाचा एक माणूस, एक टॅब, चिमटा आणि बिल्ल्यांचा खोका ठेवला तर तिसरी आणि चौथी ओळ तिथल्या तिथे पाळली जाईल. बिल्ला नसलेले जनावर परत पाठवावे लागणार नाही. बाजाराचा दिवस आठवड्यातून एकदाच असतो, तेव्हा हा खर्च विभागाला जड नाही. परत गेलेल्या जनावराचे जाण्यायेण्याचे भाडे मात्र शेतकऱ्याला दर वेळी पडते.

पाचवी ओळ : बिल्ल्याशिवाय वाहतूक करू नये.

बिल्ला हा वाहतुकीच्या कागदांतला सगळ्यात नवा आणि सगळ्यात हलका कागद आहे. त्याआधीपासून 1978चे प्राणी वाहतूक नियम आहेत. जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही असा पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा. मालमोटारीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरे नकोत. तळाला काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात, म्हणजे खूर घसरत नाहीत. सोबत एक माणूस हवा, प्रथमोपचाराचे साहित्य हवे, आणि त्याच गाडीत दुसरा माल नको. 2015च्या मोटार वाहन नियमांनी जनावरांच्या गाडीत कप्पे सक्तीचे केले : गाई-म्हशीला दोन चौरस मीटर, शेळी-मेंढीला 0.3 चौरस मीटर. लम्पीच्या काळात यात भर पडली, लस टोचून 28 दिवस झालेले असावेत अशी.

यातले बहुतेक नियम जनावराच्या भल्याचे आहेत. खच्चून भरलेल्या टेम्पोत पाय मोडलेला बैल ज्याने पाहिला असेल, तो या नियमांच्या विरुद्ध बोलणार नाही. पण ते व्यापाऱ्याची भरलेली गाडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. बोरीचा शेतकरी एकच म्हैस नेतो. कप्प्यांची गाडी त्या भागात सहजी मिळत नाही. मिळते ती विटा-वाळूची पिकअप. गाडीवाला दंडाची जोखीम भाड्यात धरतो. बाजाराच्या आदल्या दिवशी दाखल्यासाठी डॉक्टर भेटले नाहीत तर तो आठवडा गेला. आठवडाभराचा चारा आणि पेंड भाकड म्हशीच्या पोटात जाते आणि विक्रीच्या किमतीतून तेवढे कमी होते.

सगळे कागद असूनही वाट सुरक्षित नसते, हेही लिहिले पाहिजे. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि कत्तलीसाठी वाहतूक हा गुन्हा आहे. शेतीसाठी बैल नेणारा माणूस त्यात येत नाही. तरी रस्त्यात गाडी अडवणारे पुष्कळदा पोलीस नसतात, आणि त्यांना दाखला वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. 2025च्या पावसाळ्यात जनावरांच्या व्यापारातल्या कुरेशी समाजाने या जाचाला कंटाळून राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली. तेव्हा मराठवाड्यातले बाजार ओस पडले, आणि फटका म्हशी-रेडे विकणाऱ्या शेतकऱ्यालाही बसला. शासनाने मागितलेला कागद शेतकऱ्याने पुरा केला, तर त्या कागदाच्या बळावर रस्त्यात त्याचे रक्षण करणे हे शासनाचे काम आहे. आदेशात गृह विभागाला बिल्ला तपासायला सांगितले आहे. बिल्ला आणि दाखला असलेल्या गाडीला वाट करून द्यावी, असेही सांगायला हवे होते.

सहावी ओळ : ग्रामपंचायतीने विक्रीच्या दाखल्यावर बिल्ल्याचा क्रमांक लिहावा.

हे सोपे आहे आणि चांगले आहे. एवढेच म्हणेन की क्रमांक बारा अंकी असल्याने हाताने उतरवताना एक अंक चुकतोच. बिल्ल्यावरच्या रेघा मोबाइलने वाचून दाखला छापून द्यावा. बोरीएवढ्या ग्रामपंचायतीत संगणक आहे आणि चालवणारा माणूसही आहे.

सातवी ओळ : वीज, नैसर्गिक आपत्ती किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर मेले आणि बिल्ला नसेल, तर भरपाई नाही.

आपत्ती मदतीचे 2022 ते 2026चे दर असे : दुभती गाय किंवा म्हैस 37,500 रुपये, ओढकामाचा बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000. मोठी जनावरे तीनपर्यंत मर्यादित. परभणी, हिंगोली, नांदेडकडे वीज पडून जनावर दगावणे ही दर उन्हाळ्याच्या शेवटची बातमी आहे. बैलजोडी एकाच झाडाखाली बांधलेली असते, त्यामुळे दोन्ही बैल एकदम जातात.

2009च्या अधिनियमाचा भंग केला तर दंड पहिल्या वेळी 1,000 रुपयांपर्यंत आहे. संसदेने या कसुरीला इतकी किंमत लावली. सातव्या ओळीने बैलजोडी गमावलेल्या शेतकऱ्याचे 64,000 रुपये जातात. तेही त्याने रोग पसरवला म्हणून जात नाहीत, कानात बिल्ला सापडला नाही म्हणून जातात. विजेने मेलेल्या बैलाबाबत ओळखीचा प्रश्न तरी कितीसा असतो? बैल त्याच्याच शेतात पडलेला असतो. तलाठी पंचनाम्याला येतात, पशुवैद्यक शवविच्छेदन करतात, पंच म्हणून गावकरी सह्या करतात. एवढे तीन पुरावे हजर असताना चौथ्या पुराव्याअभावी मदत नाकारणे मला अन्यायाचे वाटते. विम्यात बिल्ल्याचा आग्रह मी समजू शकतो. तिथे करार असतो, 2024 पासून शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटाही 15 टक्क्यांवर आला आहे, आणि बिल्ला नाही तर दावा नाही हे त्याला विमा उतरवतानाच सांगितलेले असते. आपत्तीची मदत हा करार नव्हे. ज्याचे सगळे गेले त्याला पुन्हा उभे राहण्यासाठी ती दिली जाते.

शेळीच्या बाबतीत ही ओळ आणखी जड जाते. शेळ्या बहुधा भूमिहीन घरात, बाईच्या नावावर. दरवर्षी नवी करडे, दरवर्षी नवे बिल्ले. शेळीचा कान पातळ, बिल्ला लवकर निघतो. 4,000 रुपयांसाठी कोण किती फिरणार?

आठवी ओळ : परराज्यातून येणारे जनावर आणि कत्तलखान्यात जाणारे जनावर बिल्ल्याचे असावे.

यावर फार लिहायला नको. हरियाणातून येणाऱ्या मुऱ्हा म्हशींसोबत रोगही येऊ शकतो, तेव्हा नाक्यावर तपासणी हवी. कत्तलखान्यात बिल्ला वाचून घेणे निर्यातीसाठीही उपयोगी आहे. इथे भार मोठ्या व्यापाऱ्यावर आहे आणि तो त्याला पेलतो.

आदेशाबाहेरची एक ओळ : बिल्ल्याची नोंद असलेल्या गाईच्या दुधालाच अनुदान.

जानेवारी 2024 मध्ये शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले. अट अशी की दूध संघाने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या दुधाला किमान 27 रुपये द्यावेत, आणि शेतकऱ्याचे आधार, बँक खाते व गाईचा बिल्ला एकमेकांना जोडलेले असावेत. दोन गाईंचे दिवसाला बारा लिटर धरले तर महिन्याला 1,800 रुपये होतात. ही रक्कम लहान नाही, आणि तिच्यामुळे बिल्ल्यांची मागणी वाढली. पण खात्यातल्या नावाचे एक अक्षर आधारपेक्षा वेगळे, गाय वडिलांच्या नावावर आणि दुधाचे खाते मुलाच्या नावावर, अशा कारणांनी माहिती परत येत राहिली. मुदत वाढवावी लागली. पुढे जुलैपासून पुन्हा पाच आणि ऑक्टोबरपासून सात रुपये झाले, कागद तेच राहिले. म्हैस पाळणाऱ्याला यातले काहीच नव्हते, आणि बोरीकडचा गोठा बराचसा म्हशीवर चालतो.

याच जागी ब्रिटनकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. वेड्या गाईच्या रोगानंतर 1996 पासून तिथे प्रत्येक वासराला पारपत्र लागते. वीस दिवसांत बिल्ला आणि सत्तावीस दिवसांत अर्ज. शिवाय 2000 सालापासून ‘रेड ट्रॅक्टर’ ही खासगी हमी योजना आहे. वर्गणी शेतकरी भरतो, तपासनीस गोठा आणि वह्या बघून जातो, आणि त्या योजनेचा शिक्का नसेल तर दूध आणि मांस घेणाऱ्या मोठ्या कंपन्या माल उचलत नाहीत. 2023 मध्ये त्या योजनेने पर्यावरणाच्या नव्या अटी आणल्या तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी इतका विरोध केला की त्या सोडून द्याव्या लागल्या. त्यांची तक्रार हीच होती : खर्च आमचा, नाव दुकानाचे. तिथल्या शेतकऱ्याला कागदाच्या बदल्यात निदान बाजारात प्रवेश मिळतो. बोरीच्या दुधाला बिल्ल्यामुळे कोणताही संघ एक पैसा जास्त देत नाही. शेतकऱ्याला जे आधीपासून मिळत होते, दवाखाना, बाजार, मदत, तेच टिकवण्यासाठी त्याने कागद करायचा आहे.

नववी ओळ : जन्म आणि मृत्यूची नोंद मालकाने करून घ्यावी.

मेलेल्या जनावराची नोंद होत नाही, कारण कळवून मालकाला काही मिळत नाही. प्रणालीत त्यामुळे मेलेली जनावरे साठत जातात. 2019च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवर्ग सुमारे 1 कोटी 39 लाख, म्हशी 56 लाख, शेळ्या 1 कोटी 6 लाख होत्या. एवढ्या पसाऱ्यात मृत्यूची नोंद राहून गेली तर लसीचा हिशेबही चुकतो. ग्रामपंचायतीने हे काम घ्यावे.

जन्माचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लाळ-खुरकुताची पहिली लस वासराला चार महिन्यांचे झाल्यावर देतात. लसीकरण मोहिमेतला माणूस बहुधा तेव्हाच बिल्ला मारतो, कारण त्याआधी कान कोवळा असतो. म्हणजे पहिले चार महिने वासराच्या कानात काही नसते. वासरे दगावतात ती याच चार महिन्यांत : पांढरी हगवण, जंत, नाळ पिकणे, पावसाळ्यातला न्यूमोनिया. दुसरी ओळ अक्षरशः पाळली तर आठ दिवसांच्या हगवणीच्या वासराला सरकारी दवाखाना बंद आहे. पशुवैद्यक तसे वागत नसतील, माणुसकीने उपचार करत असतील. पण मग तो उपचार नोंदवायचा कोणत्या क्रमांकावर? कुठल्याही वहीत न बसणारे काम त्यांना करावे लागते आणि औषधाचा हिशेब जुळवत बसावे लागते.

जुन्या भाष्यकारांना मूळ पाठ सदोष वाटला की ते दुसरा पाठ सुचवत. दुसऱ्या ओळीला मी हा पाठ सुचवतो : बिल्ला नसलेले जनावर, वयाने कितीही असो, दवाखान्यात आले की आधी त्यावर उपचार करावेत, वासरू लहान असल्यास आईच्या क्रमांकावर नोंद घ्यावी, मोठे असल्यास उपचारानंतर त्याच ठिकाणी शुल्क न घेता बिल्ला मारावा, आणि बिल्ले शिल्लक नसतील तर तसे लिहून मालकाला सही-शिक्क्याची चिठ्ठी द्यावी, जी बिल्ला मिळेपर्यंत बाजारात, वाहतुकीत आणि पंचनाम्यात बिल्ल्याच्या जागी धरली जाईल.